पेशींची कोठारे

कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर अंबारखाना नावाची दगडी कोठारे आजही उभी आहेत. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावे. इ. स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. बाहेरून गडावर दाणागोटा येण्याच्या वाटा बंद झाल्या. तरीही गड काही महिने झुंजत राहिला. अशा प्रसंगी तटबंदीइतकाच आधार असतो तो कोठारांचा.

गडावर धान्याच्या कोठाराखेरीज आणखी एक कोठार असे. ते दारूचे. धान्य जपावे लागे ते उंदीर-घुशींपासून, तर दारू जपावी लागे ती ठिणगीपासून. एखादी ठिणगी उडाली, तर शत्रूसाठी जमविलेली दारू गडाचाच घात करी. म्हणून कोठारात काय साठविले आहे, याला जितके महत्त्व, तितकेच ते केव्हा व कोणाच्या हुकमाने उघडावयाचे, यालाही असे.

सजीवांच्या शरीरातही अशी कोठारे असतात; मात्र ती इतकी लहान असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. घर जसे विटांचे बनलेले असते, तसे वनस्पतींचे व प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले असते. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला, तेव्हा त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. पेशींचे ते पहिले वर्णन होय. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ४० लाख कोटी पेशी असतात. पेशी म्हणजे काही रिकामी खोली नव्हे. तिच्या अंतरंगात अनेक प्रकारचे बारीक कण विखुरलेले असतात. या कणांना कणिका असे म्हणतात. एक मिलिमीटर लांबीचे हजार सारखे भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढीसुद्धा पुष्कळ कणिकांची जाडी नसते. पण पेशीची शिदोरी, तिची शस्त्रे, तिची ढाल आणि इतर पेशींना पाठवावयाचे निरोप, हे सारे या कणिकांतच ठेवलेले असते.

सर्वांत ओळखीच्या कणिका आपल्या स्वयंपाकघरातच सापडतात. उन्हाळ्यात कुरडया करण्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, मग ते वाटून गाळून घेतात. गाळलेले पांढरे पाणी रात्रभर स्थिर ठेवले की तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो आणि वरचे पाणी निवळते. हा चीक म्हणजे गव्हाच्या पेशींतून बाहेर पडलेल्या असंख्य पिष्टकणिका होत. वनस्पती सूर्यप्रकाशात साखर तयार करते. लगेच न लागणारी साखर ती पिष्टाच्या रूपाने साठवून ठेवते. साखर पाण्यात विरघळते. ती तशीच साठविली तर पेशीत पाणी ओढले जाऊन पेशी फुगेल. पिष्टकणिका मात्र थंड पाण्यात विरघळत नाही. म्हणून थोड्या जागेत पुष्कळ साठा निर्धोकपणे राहतो. बियाणे जमिनीत रुजते, तेव्हा कोवळ्या अंकुराला पाने नसतात व स्वतःचे अन्न करता येत नाही. त्या दिवसांत तो या शिदोरीवर जगतो.

पिष्टकणिकांची ओळख पटविणे सोपे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या चकतीवर आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब टाकला, तर तेथे गर्द निळा, जवळजवळ काळा डाग उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बटाट्याच्या कणिका मोठ्या, लांबट व शिंपल्यासारख्या वळ्यांच्या दिसतात. तांदळाच्या कणिका अगदी बारीक व कोनदार दिसतात. प्रत्येक वनस्पतीच्या कणिकेची घडण निराळी असते. त्यामुळे एका पिठात दुसरे पीठ मिसळले असेल, तर जाणकार माणसाला ते सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ओळखता येते. भात शिजताना मऊ होतो, याचेही कारण या कणिकाच. गरम पाण्यात त्या पाणी शोषून फुगतात व अखेर फुटतात. पेजेला दाटपणा येतो तो त्यामुळेच.

प्राण्यांच्या शरीरात पिष्ट नसते. तेथे त्याचे काम ग्लायकोजेन नावाचा पदार्थ करतो. क्लॉद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इ. स. १८५७ मध्ये तो यकृतातून वेगळा काढला. जेवणानंतर रक्तात द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, वाढते. यकृताच्या व स्नायूंच्या पेशी ती उचलून घेतात आणि तिचे हजारो रेणू एकमेकांना जोडून ग्लायकोजेनच्या कणिका तयार करतात. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारणपणे १०० ग्रॅम, तर सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. याउलट, सबंध रक्तात कोणत्याही वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते. मेंदूला मात्र दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि त्याचे काम रात्रीही थांबत नाही. माणूस रात्री जेवून झोपतो आणि सकाळपर्यंत काही खात नाही. तरी त्याचा मेंदू उपाशी राहत नाही. कारण त्या वेळी यकृत आपल्या कणिका थोड्या थोड्या मोडून रक्तात ग्लुकोज सोडीत असते. स्नायूंतील साठा मात्र स्नायूंपुरताच असतो. धावताना, डोंगर चढताना तो त्यांच्या उपयोगी पडतो.

कणिका केवळ अन्नच साठवितात असे नाही. काही कणिका ढालीचे काम करतात. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाच्या गर्द रंगद्रव्याच्या कणिका बनवितात. नवल असे की, रंगपेशी या कणिका स्वतःपाशी ठेवीत नाही. आपल्या फांद्यांसारख्या लांब टोकांवाटे ती त्या आसपासच्या पेशींना वाटून देते. त्या पेशी मिळालेल्या कणिका आपल्या केंद्रावर, उन्हाच्या बाजूस, छत्रीसारख्या रचतात. पेशीच्या केंद्रात आनुवंशिक द्रव्य असते आणि सूर्याचे अतिनील किरण त्याला इजा करतात. ही इजा टाळण्यासाठी छत्री हवी. गोऱ्या माणसाच्या व सावळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो कणिकांचा आकार, संख्या आणि त्यांतील रंगद्रव्य यांत. माणसामाणसांत रंगावरून ज्या भिंती उभ्या केल्या गेल्या, त्यांच्या मुळाशी एवढ्याशा कणिकांचाच भेद आहे.

आता दारूच्या कोठारांकडे वळावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील कारखान्यांत कापडासाठी नवे नवे कृत्रिम रंग तयार होऊ लागले होते. पॉल एर्लिख या तरुण विद्यार्थ्याला या रंगांचा ध्यास लागला. कापसाला एक रंग धरतो, लोकरीला दुसरा. मग पेशींतील निरनिराळ्या भागांनाही निरनिराळे रंग धरतील काय, असा प्रश्न त्याला पडला. त्याने रक्ताच्या थेंबाचे पातळ थर काचेवर पसरून ते रंगविले. तोवर सारख्याच वाटणाऱ्या पांढऱ्या पेशी आता वेगवेगळ्या दिसू लागल्या. काहींतील कणिका इओसिन या रंगाने तांबड्या झाल्या, काहींतील निळ्या-जांभळ्या झाल्या, तर काहींतील फिकट राहिल्या. कणिकांच्या रंगावरून पांढऱ्या पेशींचे प्रकार पाडण्याची रीत येथून सुरू झाली. आजही दवाखान्यात रक्ताची तपासणी होते, तेव्हा पांढऱ्या पेशींची नावे आणि त्यांचे प्रमाण अहवालात लिहिलेले असते. ती नावे एर्लिखच्या कामातून आलेली आहेत.

फिकट कणिका असलेल्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. त्या शरीराच्या पायदळासारख्या असतात. हाडांतील मज्जेत त्या दररोज सुमारे १०,००० कोटी इतक्या संख्येने तयार होतात. पायात काटा मोडला आणि त्याच्याबरोबर जंतू आत शिरले, की या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून तेथे धाव घेतात. एली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इ. स. १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून पाहिला, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या त्याला दिसल्या. शरीर स्वतःचे रक्षण पेशींच्या साहाय्याने करते, हे त्यावरून त्याने ताडले. पुढे १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आले.

न्यूट्रोफिलच्या कणिकांत जंतुनाशक द्रव्ये भरलेली असतात. त्यांपैकी एक म्हणजे लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले. आपल्या अश्रूंतही ते असते. ते काही जंतूंच्या बाहेरील भिंतीला भगदाड पाडते. पण ही द्रव्ये जंतू आणि शरीर यांत नेहमीच भेद करीत नाहीत. ती मोकळी सुटली, तर पेशीलाच जाळतील. म्हणून प्रत्येक कणिकेभोवती एक पातळ आवरण असते. न्यूट्रोफिल जंतूला गिळते, तेव्हा तो पेशीच्या आत एका बंद कोठडीत अडकतो. मग कणिका त्या कोठडीला जाऊन भिडतात. साबणाचे दोन फुगे एकमेकांना चिकटून जसे एक होतात, तशी कणिकेचे आवरण आणि कोठडीची भिंत एकजीव होतात. कणिकेतील द्रव्य कोठडीत सांडते. बाहेर थेंबही जात नाही. शस्त्र शत्रूवरच पडते. या लढाईत असंख्य पेशी मरतात. जखमेत साचणारा पू म्हणजे प्रामुख्याने या मेलेल्या सैनिकांचा ढीग असतो. पुवाला जी हिरवट छटा येते, तीही त्यांच्या कणिकांतील एका द्रव्यामुळे.

सगळ्याच वेळी हुकूम अचूक सुटतो असे नाही. त्वचा, श्वासनलिका व आतडी यांत मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारा देत असतात. त्यांचे वर्णन एर्लिखने १८७८ च्या आपल्या प्रबंधात केले. कणिकांनी ठासून भरलेली ही पेशी पाहून ती भरपेट पोसलेली असावी, असे त्याला वाटले, आणि त्यावरूनच तिला हे जर्मन नाव मिळाले. या कणिकांत हिस्टामीन हे द्रव्य असते, हे रायली व वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. हिस्टामीन सुटले की जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांतून द्रव पाझरतो. जागा लाल होते, सुजते, खाजते. शत्रू आला असेल, तर याचा उपयोग होतो. कारण त्या वाटेने पांढऱ्या पेशींना मदतीस येता येते. परंतु कधी कधी फुलांचे परागकण, घरातील धूळ किंवा शेंगदाणा अशा निरुपद्रवी वस्तूंनाच शरीर शत्रू समजते आणि मास्ट पेशींच्या कणिका विनाकारण उघडतात. शिंका येतात, अंगावर गांधी उठतात, कोणाला दम लागतो. गांधीलमाशी चावल्यावर बहुतेकांना थोडी सूज येऊन बरे वाटते. पण एखाद्याच्या शरीरात एकाच वेळी असंख्य कणिका उघडतात, रक्तदाब घसरतो, श्वास कोंडतो आणि तत्काळ उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. तेच कोठार, तोच माल. केवळ अवेळी उघडल्याने रक्षणाचे रूपांतर संकटात होते.

धान्याचे आणि दारूचे कोठार शेजारी शेजारी ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा जो अवयव आहे, त्यात दोन अगदी भिन्न स्वभावांची कोठारे खरोखरच शेजारी शेजारी आहेत. त्यांची कथा मोठी उद्बोधक आहे.

स्वादुपिंडाचा मोठा भाग पाचकरस तयार करतो. अन्नातील प्रथिने, चरबी व पिष्ट यांचे पचन या रसामुळे होते. रुडॉल्फ हायडेनहाइन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७५ च्या सुमारास कुत्र्याच्या स्वादुपिंडाचे निरीक्षण केले. उपाशी कुत्र्याच्या पेशी कणिकांनी भरलेल्या होत्या. जेवणानंतर त्या कणिका कमी झाल्या आणि काही तासांनी पुन्हा भरल्या. पाचकद्रव्ये या कणिकांतच साठविलेली असतात, हे त्यावरून दिसून आले. त्या भरतात कशा, हे मात्र कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. जॉर्ज पॅलाडे आणि जेम्स जेमिसन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी खूण केलेले द्रव्य पुरविले आणि त्या खुणेचा माग काढला. पेशीत नवे प्रथिन बनले, ते एका विभागातून दुसऱ्या विभागात गेले, तेथे बांधले गेले आणि सुमारे दोन तासांनी कणिकांत येऊन पोहोचले. पॅलाडे यांना १९७४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

जे द्रव्य मांस पचविते, ते स्वतःच्या पेशीला का पचवीत नाही? याचे उत्तर दुहेरी बंदोबस्तात आहे. एक तर ही द्रव्ये आवरणाच्या आत बंद असतात. दुसरे म्हणजे त्यांतील सर्वांत प्रखर द्रव्ये तेथे निद्रिस्त रूपात असतात. म्यान केलेल्या तलवारीप्रमाणे ती लहान आतड्यापर्यंत जातात आणि तेथे पोहोचल्यावरच, आतड्यातील एका द्रव्याच्या स्पर्शाने, जागी होतात. हा बंदोबस्त मोडून ती वाटेतच जागी झाली, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते व माणसाला गंभीर आजार होतो.

या अवयवात लहान लहान बेटांसारखे पुंजके विखुरलेले आहेत. पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने ते १८६९ मध्ये प्रथम पाहिले. पण त्यांचे कार्य काय, हे त्याला उलगडले नाही. अशी सुमारे दहा लाख बेटे एका स्वादुपिंडात असतात. त्यांतील बीटा पेशींत निराळ्याच कणिका असतात. एकेका पेशीत त्यांची संख्या सुमारे १०,००० असते, आणि त्यांत इन्सुलिन हे द्रव्य जस्ताच्या कणांसह बांधून ठेवलेले असते. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की त्यांतील काही कणिका पेशीच्या कडेला येतात, तिच्या आवरणाशी एकजीव होतात व इन्सुलिन रक्तात सोडतात. इन्सुलिन म्हणजे जणू शरीरभर फिरणारा निरोप्या. यकृताला व स्नायूंना तो सांगतो, ‘रक्तात साखर पुष्कळ आली आहे, ती उचला आणि साठवा.’ हा निरोप मिळाला, की मगच यकृतात ग्लायकोजेनच्या कणिका भराभर भरू लागतात. एका कोठाराचे दार दुसऱ्या कोठारातून आलेल्या हुकमाने उघडते, ते असे.

हा निरोप मिळाला नाही, तर काय होते? काही मुलांच्या शरीरातील रक्षक पेशी चुकून बीटा पेशींचाच नाश करतात. इन्सुलिनचे कोठारच उरत नाही. मग रक्तात साखरेचा पूर आलेला असूनही पेशी उपाशी राहतात. साखर लघवीवाटे वाहून जाते, मूल झिजत जाते. हा मधुमेहाचा एक प्रकार होय. १८८९ साली मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला मधुमेह झाल्याचे दाखविले होते. तेव्हा औषध स्वादुपिंडातच आहे, हे कळून चुकले. पण ते बाहेर काढण्याचे बहुतेक यत्न फसले. १९२० साली फ्रेडरिक बँटिंग या कॅनडातील शल्यवैद्याच्या मनात एक तर्क आला. स्वादुपिंड वाटले की दोन्ही प्रकारची कोठारे एकदम फुटत असावीत आणि एकातील पाचकद्रव्ये दुसऱ्यातील मौल्यवान द्रव्य खाऊन टाकत असावीत. दोहोंना वेगळे ठेवता आले, तर यश येईल.

टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग व त्यांचा तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट कामाला लागले. पुढे जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. योग्य प्रमाणात मद्यार्क वापरला, तर जनावरांच्या सबंध स्वादुपिंडातूनही इन्सुलिन वेगळे करता येते, असे त्यांना आढळले. त्या वेळी टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड टॉमसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता. त्याचे वजन अवघे २९ किलोग्रॅमच्या आसपास उतरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला पहिले इंजेक्शन देण्यात आले. पण औषध पुरेसे शुद्ध नव्हते आणि गुण आला नाही. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून ते अधिक शुद्ध केले. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शने सुरू झाली, आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. त्याला तरतरी येऊ लागली. तो आणखी १३ वर्षे जगला. या शोधाचे स्वामित्व बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी केवळ एकेका डॉलरच्या मोबदल्यात विद्यापीठाच्या स्वाधीन केले. इन्सुलिन सर्वांना मिळावे, हीच त्यांची इच्छा होती.

इन्सुलिन गोळीच्या रूपाने गिळून का चालत नाही, हेही आता ध्यानात येईल. ते एक प्रथिन आहे. पोटात गेले, तर पाचकद्रव्ये इतर प्रथिनांप्रमाणे त्याचेही तुकडे करतील. म्हणून ते सहसा टोचून घ्यावे लागते. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेता येऊ लागले, आणि जनावरांच्या स्वादुपिंडांवर अवलंबून राहण्याची गरज सरली. वर्गातील एखादे मूल जेवणापूर्वी सुई टोचून घेत असेल, तर त्यात लपविण्यासारखे किंवा भिण्यासारखे काही नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ज्या कोठाराची किल्ली त्याच्या शरीराजवळ उरली नाही, तिचे काम ते मूल स्वतःच्या हातांनी, दररोज, वेळ न चुकविता करीत असते. असे मूल इतरांप्रमाणेच धावते, खेळते आणि शिकते.

गव्हाच्या दाण्यातील शिदोरी, यकृतातील रात्रीचा साठा, त्वचेतील छत्री, रक्तातील शस्त्रे आणि स्वादुपिंडातील निरोप या साऱ्या कणिकांची कामे भिन्न आहेत. पण त्यांचा नियम एकच आहे. साठा असावा, तो जपलेला असावा आणि हुकूम येईल तेव्हाच, लागेल तेवढाच उघडावा. हा नियम पाळला जातो, म्हणून माणूस निश्चिंतपणे जेवतो, झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो. त्याच्या नकळत, त्याच्या अंगातील कोट्यवधी कोठारे रात्रभर उघडत आणि मिटत असतात.